लाकडी अंगाचे 'व्हँपायर' आणि छांबची संध्याकाळ

सोलापूर (विशेष प्रतिनिधी) : सुटीत गोव्याला जाणाऱ्या सोलापूरकरांचा प्रवास साधारणतः ठरलेला असतो. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातील चर्च, मग एखादा किनारा. यातील काही थोडे पर्यटक वास्कोजवळच्या बोगमाळो किनाऱ्याकडे वळतात आणि दाबोळी विमानतळाच्या कडेला असलेले नौदलाचे विमान संग्रहालय त्यांच्या दृष्टीस पडते. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सर्वाधिक गर्दी होते ती भल्यामोठ्या 'सुपर कॉन्स्टेलेशन'पुढे किंवा 'सी हॅरियर'पुढे. त्यांच्या शेजारी एक बुटकेसे, बसक्या अंगाचे, मागे दोन दांडे निघालेले विमान उभे आहे. त्याचे नाव 'व्हँपायर टी-५५'. शिकाऊ वैमानिकांना जेट विमान चालविण्यास शिकविणारे हे प्रशिक्षण विमान असल्याने बहुतेक जण त्याकडे एक नजर टाकून पुढे सरकतात. शाळेच्या विमानाने असा काय पराक्रम गाजविला असणार, असा त्यामागील सरळ हिशेब असावा.

हा हिशेब चुकीचा आहे. भारतीय हवाई दलाच्या इतिहासात व्हँपायर या विमानाने चार वेगवेगळ्या भूमिका वठविल्या. ते देशाचे पहिले जेट लढाऊ विमान होते. पुढे ते नव्या वैमानिकांचे गुरू झाले. गुरूची भूमिका अंगवळणी पडलेली असतानाच १ सप्टेंबर १९६५ रोजी त्यास थेट रणांगणात उतरावे लागले. त्या दिवशी चार विमाने आणि तीन तरुण वैमानिक परतले नाहीत. त्यानंतर ते पुन्हा शाळेत गेले. संग्रहालयातील दोन आसनी विमान हे छांबच्या आकाशात लढलेल्या एक आसनी 'एफबी-५२'चे सख्खे भावंड आहे. अंगकाठी तीच आणि दोन शेपटदांडेही तेच. फरक एवढाच की एकाच्या कॉकपिटमध्ये वैमानिक एकटा बसे, तर दुसऱ्यात त्याच्या शेजारी शिक्षक.

प्लायवुड आणि बाल्सा

ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचे हे विमान प्रथम उडाले २० सप्टेंबर १९४३ रोजी. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. अॅल्युमिनियमचा तुटवडा होता आणि याच कंपनीला 'मॉस्किटो' या लाकडी बॉम्बफेकी विमानाचा दांडगा अनुभव होता. त्यामुळे व्हँपायरचे पंख आणि मागील दांडे धातूचे असले, तरी वैमानिक ज्यात बसतो तो पुढचा अंडाकृती भाग लाकडाचा होता. प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा थर, अशी त्याची रचना. ध्वनीच्या वेगाशी स्पर्धा करू पाहणाऱ्या यंत्राचे अंग सुताराच्या कसबातून घडावे, ही त्या संक्रमणकाळाची गंमत म्हणावी लागेल.

दोन दांड्यांचेही कारण होते. सुरुवातीच्या जेट इंजिनांचा जोर मर्यादित असे. गरम वायू लांबलचक नळीतून मागे न्यावा तर त्यातील काही शक्ती वाटेतच खर्ची पडे. तेव्हा नळी तोकडी ठेवून इंजिन वैमानिकाच्या पाठीशी बसविले आणि शेपूट दोन स्वतंत्र दांड्यांवर मागे नेले. पुढे पंखा नसल्याने विमान उंच ठेवण्याचीही गरज उरली नाही, म्हणून चाके आखूड झाली. व्हँपायर जमिनीला चिकटल्यासारखे दिसते ते यामुळे. डिसेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राउन यांनी याच विमानाचा नौदलासाठी बदल केलेला नमुना विमानवाहू जहाजावर उतरविला. खऱ्या अर्थाने जेट विमान जहाजावर उतरण्याचा तो पहिला प्रसंग होता.

भारतात व्हँपायर आले १९४८ च्या अखेरीस. स्वातंत्र्य मिळून सव्वा वर्ष झाले होते, काश्मीरचे युद्ध चालू होते, आणि हवाई दलाचा भर टेंपेस्ट व स्पिटफायर या पंख्याच्या विमानांवर होता. अशा काळात जेटयुगात उडी घेण्याचा निर्णय झाला. लवकरच बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात परवान्याने ही विमाने तयार होऊ लागली, आणि एक आसनी विमानांपाठोपाठ दोन आसनी टी-५५ सुद्धा तेथे बांधली गेली. त्या पिढीतील जवळजवळ प्रत्येक भारतीय जेट वैमानिकाचे पहिले जेट उड्डाण याच विमानातून झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

शेजारी बसणारा गुरू

जेट विमान चालविणे म्हणजे केवळ अधिक वेगाने उडणे नव्हे. पंख्याच्या विमानात वैमानिकाने जोर वाढविला की इंजिन लगेच प्रतिसाद देते. व्हँपायरचे 'गॉब्लिन' इंजिन मात्र आदेश मिळाल्यावर काही क्षण विचारात पडल्यासारखे वागे. उतरताना वेग फार कमी झाला आणि वैमानिकाने घाईने जोर मागितला, तर तो येईपर्यंत जमीन जवळ आलेली असे. म्हणजे चूक दुरुस्त करण्याचा निर्णय चूक घडण्यापूर्वीच घ्यावा लागे. ही सवय पुस्तक वाचून लागत नाही. शेजारी कोणीतरी बसावे लागते. टी-५५ मध्ये शिक्षक आणि शिष्य मागे-पुढे न बसता खांद्याला खांदा लावून बसत. शिष्याचा हात कोठे जातो, नजर कोणत्या काट्यावर आहे, हे शिक्षकास दिसे. सोलापूरहून रेल्वेने सिकंदराबादला जाणाऱ्यांना हकीमपेठ हे नाव परिचित असेल. तेथील हवाई दलाच्या तळावर या विमानांनी वैमानिकांच्या अनेक तुकड्या घडविल्या.

नौदलाची अडचण वेगळी होती. 'विक्रांत' या विमानवाहू जहाजासाठी घेतलेल्या 'सी हॉक' या लढाऊ विमानाला दोन आसनी आवृत्तीच नव्हती. म्हणजे सी हॉकमध्ये बसणारा वैमानिक पहिल्याच दिवशी एकटा. त्यापूर्वी त्याचा जेटवर हात बसवायचा कसा? नौदलाने त्यासाठी व्हँपायर टी-५५ घेतली. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर व धावपट्ट्यांवर हल्ले चढविले, त्यांचा उल्लेख प्रत्येक युद्धवर्णनात येतो. त्या वैमानिकांना जेटची बाराखडी कोणत्या विमानाने शिकविली, हे क्वचितच लिहिले जाते. गोव्यातील संग्रहालयात सी हॉक आणि टी-५५ एकाच आवारात आहेत, हे त्या दृष्टीने योग्यच झाले.

पुण्याहून गोव्यावर

व्हँपायरला युद्धाचे पहिले आमंत्रण आले ते गोवामुक्तीच्या वेळी. डिसेंबर १९६१ मधील 'ऑपरेशन विजय'मध्ये हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. १८ डिसेंबरला पुण्याहून झेपावलेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र निकामी केले. भूदलाला लागेल ती मदत देण्याचे काम ४५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधील व्हँपायर विमानांकडे होते.

मदत मागण्याची वेळ मात्र फारशी आली नाही. पोर्तुगिजांजवळ गोव्यात लढाऊ विमानेच नव्हती आणि दीड दिवसात सारे आटोपले. या मोहिमेत व्हँपायरच्या नावावर जी नोंद आहे ती काहीशी अवघड करणारी आहे. दोन विमानांनी चुकून आपल्याच शीख लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीवर रॉकेटे डागली, त्यात दोन जवान जखमी झाले. दुसरीकडे आपल्याच सैनिकांनी हवाई दलाच्या एका 'टेक्सन' विमानावर गोळ्या झाडल्या. तेही मूळचे प्रशिक्षण विमानच. जमिनीवरील सैन्य आणि आकाशातील विमान यांना परस्परांची ओळख पटविणारी यंत्रणा कच्ची होती. विजय एवढ्या लवकर मिळाला की या त्रुटीकडे गांभीर्याने पाहण्याची निकड कोणास वाटली नसावी. चारच वर्षांनी छांबला ती पुन्हा समोर आली, आणि या वेळी शत्रूकडे आधुनिक विमाने होती.

त्याआधी १९६२ चे चीनचे युद्ध होऊन गेले. त्यात लढाऊ विमाने वापरण्यातच आली नाहीत. त्या पराभवानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य मराठी माणसाने तेव्हापासून इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याची धार गेली आहे. सह्याद्रीला प्रत्यक्षात निर्णय घ्यावा लागला तो १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी.

दुपारी चार ते सूर्यास्त

त्या दिवशी पहाटे पाकिस्तानने जम्मूच्या पश्चिमेस छांब भागात 'ग्रँड स्लॅम' या नावाने हल्ला चढविला. त्याचे लक्ष्य होते अखनूर येथील चिनाब नदीवरील पूल. तो हाती लागला असता तर राजौरी आणि पूंछकडे जाणारी रसद तुटली असती. समोरून पॅटन रणगाड्यांनी सज्ज अशा दोन चिलखती रेजिमेंट येत होत्या. भारताच्या बाजूस त्या ठिकाणी '२० लान्सर्स'च्या एकाच स्क्वॉड्रनचे हलके एएमएक्स-१३ रणगाडे होते. या जवानांनी दिवसभर शर्थ केली, परंतु संख्येचे गणित त्यांच्या विरुद्ध होते.

दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग हे दोघे चव्हाणांपुढे आले. लष्कराला विमानांची मदत हवी होती. हा प्रश्न केवळ लष्करी नव्हता. हवाई दल उतरविणे म्हणजे काश्मीरमधील चकमकींचे रूपांतर उघड युद्धात करणे. प्रघातानुसार असा निर्णय पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाच्या समितीने घ्यावयाचा. परंतु सूर्यास्तास जेमतेम काही तास उरले होते आणि रात्रीच्या अंधारात त्या काळच्या विमानांचा रणगाड्यांविरुद्ध काही उपयोग नव्हता. चव्हाणांनी समितीची वाट पाहिली नाही. काही मिनिटांतच त्यांनी परवानगी दिली. पुढे त्यांच्या युद्धकाळातील दैनंदिनीवर आधारित पुस्तक त्यांचे तेव्हाचे स्वीय सचिव राम प्रधान यांनी संपादित केले. त्या काळाविषयी उत्सुकता असणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

छांबला सर्वांत सोयीचा तळ म्हणजे पठाणकोट. हवेतून अंतर सुमारे सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, म्हणजे पाऊण तासही नव्हे, पंधरा-वीस मिनिटांचा पल्ला. तेथे फ्रेंच बनावटीची मिस्टेअर विमाने होती आणि पुण्याहून नुकतीच हलविलेली ४५ स्क्वॉड्रनची व्हँपायर. सायंकाळी सव्वापाचनंतर पहिली चार व्हँपायर धावपट्टी सोडून गेली. चार-चारच्या तीन तुकड्यांत अशी बारा व्हँपायर त्या संध्याकाळी उडाली आणि त्यांच्या पाठोपाठ मिस्टेअर.

आता त्या वैमानिकांच्या जागी क्षणभर बसून पाहावे. विमान पूर्वेकडून पश्चिमेकडे चालले आहे, म्हणजे मावळता सूर्य सरळ डोळ्यांत. खाली दिवसभराच्या लढाईचा धूर आणि रणगाड्यांनी उडविलेली धूळ. पॅटन कोणता आणि एएमएक्स कोणता, हे ताशी काहीशे किलोमीटर वेगाने जाताना एका कटाक्षात ठरवायचे. रॉकेटे अचूक लागण्यासाठी खाली उतरायचे, आणि खाली उतरले की विमानवेधी तोफांच्या टप्प्यात यायचे. वर संरक्षणासाठी आपले लढाऊ विमान एकही नाही. पहिल्या तुकडीनंतर शत्रू सावध झाला होता, त्यामुळे पुढच्यांना अनपेक्षितपणाचाही लाभ उरला नव्हता.

याच वेळी पाकिस्तानी हवाई दलाची दोन सेबर विमाने तेथे पोहोचली. ती चालवीत होते स्क्वॉड्रन लीडर सर्फराज रफिकी आणि फ्लाइट लेफ्टनंट इम्तियाज भट्टी. सेबर हे अमेरिकी विमान व्हँपायरहून चारच वर्षांनी धाकटे, परंतु विमानविद्येत तो काळ एका पिढीएवढा होता. त्याचे पंख मागे झुकलेले, त्यामुळे वेग ताशी अकराशे किलोमीटरच्या घरात. व्हँपायरची धाव ताशी पावणेनऊशेच्या आसपास संपे, आणि पंखांखाली रॉकेटे लटकत असताना तर त्याहूनही कमी. पळून जाणे अशक्य, वर चढून वाचणे अशक्य. एकच गोष्ट शक्य होती, ती म्हणजे घिरट्या घेत वळत राहणे. झाडांच्या उंचीवर, रॉकेटांसह, शत्रू पाठीशी असताना ते कितपत साधणार?

चार व्हँपायर पडली. भारतीय नोंदींनुसार त्यांतील तीन सेबरच्या गोळीबाराने आणि एक जमिनीवरील माऱ्याने. पाकिस्तानने चारही विमाने रफिकी आणि भट्टी यांच्या नावे प्रत्येकी दोन अशी मांडली. फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवत, फ्लाइट लेफ्टनंट व्ही. एम. जोशी आणि फ्लाइट लेफ्टनंट एस. भारद्वाज हे तिघे मृत्युमुखी पडले. चौथे फ्लाइट लेफ्टनंट पाठक हवाई छत्रीच्या साह्याने बचावले. एक आसनी व्हँपायरमध्ये वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणारी इजेक्शन सीट नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. काच सरकवून, हाताने स्वतःला बाहेर काढून उडी घ्यावी लागे. उंचीवर असताना ते जमे. जमिनीलगत त्यासाठी लागणारे सेकंदच मिळत नसत. दोन आसनी टी-५५ मध्ये पुढे इजेक्शन आसनांची सोय झाली. शिकणाऱ्याला जी सुरक्षा लाभली, ती लढणाऱ्याच्या वाट्याला आली नव्हती.

भागवत, जोशी ही आडनावे वाचताच आपला हात नकळत ओळखीचे गाव शोधू लागतो. तो मोह आवरलेला बरा. त्या संध्याकाळी पठाणकोटहून उडालेल्यांत देशाच्या निरनिराळ्या भागांतील तरुण होते.

चूक कोणाची?

जुनाट विमाने समोर पाठविलीच का, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. व्हँपायर कालबाह्य झाले आहे हे हवाई दलात सर्वांना ठाऊक होते. हंटर, नॅट, मिस्टेअर यांसारखी अधिक चांगली विमाने हाताशी होती. परंतु जी विमाने त्या क्षणी त्या तळावर, भूदलाच्या मदतीसाठी सज्ज होती, तीच तासाभरात उडू शकत होती. एक रात्र थांबले असते तर अखनूरचा पूल उरला असता की नाही, हे त्या दुपारी दिल्लीत बसलेल्या कोणासही ठाऊक नव्हते. चव्हाणांच्या तत्परतेचे कौतुक करताना याचा विसर पडू नये, की त्या तत्परतेची किंमत लाकडी कॉकपिटमध्ये बसलेल्यांनी मोजली. तसेच त्या किमतीकडे बोट दाखविताना, निर्णय लांबविला असता तर किंमत कोणी मोजली असती, हेही विचारावे लागेल.

खरा आक्षेप घ्यायचा तर तो वेगळ्या ठिकाणी घ्यावा. विमानांना वरून संरक्षण देण्याची व्यवस्था का नव्हती? गोव्यात दिसलेली ओळख पटविण्याची त्रुटी चार वर्षांत का सुधारली नाही? छांबच्या त्या संध्याकाळी आपल्या विमानांचा मारा आपल्याच रणगाड्यांवर आणि दारूगोळ्याच्या वाहनांवरही झाला. ज्या '२० लान्सर्स'ने सकाळपासून पॅटनना थोपविले होते, त्यांनाच याची झळ पोहोचली. हे दोष विमानाच्या वयाचे नव्हते. नवे कोरे विमान असते तरी ते घडलेच असते, आणि मिस्टेअरकडूनही ते घडले.

या उड्डाणांनी साधले काय, यावर दोन्ही देशांतील अभ्यासकांत एकमत नाही. किती रणगाडे जाळले याचे आकडे प्रत्येक पुस्तकात निराळे सापडतात. पाकिस्तानी आगेकूच त्या रात्री मंदावली एवढे मात्र निश्चित. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने ऐन लढाईत सेनानी बदलला. अख्तर हुसेन मलिक यांच्याकडून सूत्रे याह्या खान यांच्याकडे गेली आणि मोलाचा वेळ वाया गेला. या दिरंगाईचे श्रेय हवाई हल्ल्याला किती आणि या बदलाला किती, हा वाद मिटणारा नाही. ६ सप्टेंबरला भारताने लाहोरची आघाडी उघडली आणि छांबवरील दाब ओसरला. अखनूरचा पूल वाचला.

हवाई दलाने धडा मात्र तत्काळ घेतला. व्हँपायर विमाने पश्चिम आघाडीवरील आक्रमक कामगिरीतून मागे घेण्यात आली. पठाणकोटला छोटी, चपळ नॅट विमाने आणली गेली. ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांच्या नावे सेबरवरील पहिला विजय नोंदला गेला, त्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. सेबर चालवीत आलेले रफिकी हे ६ सप्टेंबरला हलवाऱ्यावरील हल्ल्यात स्वतःच मारले गेले. छांबनंतर अवघे पाच दिवस गेले होते.

पुन्हा शाळेत, पुन्हा मोहिमेवर

त्यानंतर व्हँपायर ही जवळजवळ पूर्णपणे प्रशिक्षणाची विमाने झाली. तरीही १९७१ च्या युद्धात काश्मीर खोऱ्यातून भूदलाच्या साह्यासाठी त्यांना पुन्हा उडविण्यात आले. त्या वेळी हवाई दलाकडे सुखोई-७ आणि मिग-२१ होती, आणि व्हँपायरचा आराखडा तीन दशकांचा म्हातारा झाला होता. अरुंद दऱ्यांमध्ये कमी वेगाचे विमान काही वेळा अधिक उपयोगी पडते, हा त्यामागील व्यवहार. वर्गात शिकविणारे मास्तर ऐनवेळी मैदानात उतरावेत, तसे हे झाले.

व्हँपायरची जागा घेणारे विमान घडविण्याच्या कामात एक मराठी नाव अग्रभागी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज परिसरात १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे जर्मनीतील गटिंगन येथे लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाकडे शिकले आणि पुढे बंगळूरच्या कारखान्यात आले. १९५१ मध्ये उडालेले 'एचटी-२' हे पंख्याचे प्रशिक्षण विमान त्यांच्या नेतृत्वाखाली घडले. त्यानंतर हवाई दलाने व्हँपायर टी-५५ ऐवजी स्वदेशी जेट प्रशिक्षण विमान मागितले. त्यातून 'किरण' जन्मास आले. त्याचे पहिले उड्डाण झाले ४ सप्टेंबर १९६४ रोजी, म्हणजे छांबच्या आधी जेमतेम वर्षभर. किरण १९६८ पासून सेवेत येऊ लागले. शिक्षक-शिष्याने शेजारी बसण्याची व्हँपायरमधील पद्धत त्यात कायम ठेवण्यात आली. आपल्या शेजारच्या बिदर तळावर १९९६ साली स्थापन झालेल्या 'सूर्यकिरण' पथकाच्या कसरती अनेकांनी पाहिल्या असतील. ती लाल-पांढरी विमाने २०११ पर्यंत याच किरण घराण्यातील होती.

४५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची कथाही संपली नाही. व्हँपायर गेल्यावर तिला मिग-२१ मिळाली. १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचे 'अटलांटिक' टेहळणी विमान पाडले गेले ते याच स्क्वॉड्रनच्या मिगने. आणि १ जुलै २०१६ रोजी स्वदेशी 'तेजस' हे हलके लढाऊ विमान हवाई दलात दाखल झाले, तेव्हा ते सर्वप्रथम याच स्क्वॉड्रनच्या हाती सोपविण्यात आले.

दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झाले. स्वातंत्र्योत्तर युद्धांत कामी आलेल्यांची नावे तेथील 'त्याग चक्र' या वर्तुळाच्या ग्रॅनाइट भिंतींवर कोरली आहेत. छांबच्या त्या शेतांवर मात्र स्मरणाची खूण उभारता येणार नाही. ताश्कंद करारानंतर ते गाव भारताला परत मिळाले होते. १९७१ च्या युद्धात ते पुन्हा गेले आणि सिमला करारानंतर आखलेल्या नियंत्रणरेषेच्या पलीकडेच राहिले.